शिवेवरच्या राखणदाराची बाटली

खरं सांगते, मंडळी! शप्पत घेऊन सांगते! या झांजेची शप्पत, समोरच्या समईची शप्पत, आणि माझ्या तोंडात उरलेल्या दातांची शप्पत — आज ऐकाल त्यातला शब्द न् शब्द खरा! काय हसता? दात थोडे म्हणून शप्पत हलकी झाली का? अहो, थोडंच उरलेलं असतं तेच पणाला लावताना जीव जातो!

तर आधी एक प्रश्न. देवानं प्रसाद पुढं केला, आणि तुम्ही हात मागं घेतलात. पाप लागेल का? …हां, बाया म्हणतायत, लागेल. पुरुष मंडळी गप्प! ती का गप्प ते मला ठाऊक आहे. म्हणतात, आधी कळू दे तरी, प्रसाद कसला!

सांगते. खाडीच्या अंगाला एक गाव आहे. नाव नाही सांगणार, तिथं माझं जेवण बंद होईल. त्या गावाच्या शिवेवर राखणदार उभा. देऊळ नाही, छप्पर नाही, नुसता एक काळा दगड, शेंदूर फासलेला. पण तो दगड का साधा आहे? तो फेरीला निघाला की त्याच्या काठीच्या ठोक्यानं खाडीपल्याडची कुत्री शेपूट घालतात, आणि त्यानं घोंगडी झटकली की घाटापर्यंत धुकं पडतं!

वर्षातून एकदा त्याला राखण द्यायची. कोंबडा, नारळ, विडी आणि गावठीची बाटली. मान गुरवाचा. गुरवानं बाटली उघडायची, एक धार दगडावर सोडायची. आणि बाकीची? बाकीची कुठं जाते, पुरुष मंडळी? …प्रसाद! आणि तिथला प्रसाद घरी आणायचा नाही बरं! तिथंच संपवायचा. पहिला घोट गुरवाचा, मग ज्याचा हात आधी पोचेल त्याचा!

मग गाऱ्हाणं. गुरवानं देवाला एकेक मागणं सांगायचं आणि गावानं दर मागण्याला म्हणायचं — व्हय म्हाराजा! म्हणा बघू? …अरे, हे काय, जेवला नाहीत का? जोरात! …हां. असं. मागून ही साथ नसेल ना, तर गाऱ्हाणं पुढं सरकत नाही. गाडीला एकच चाक लावल्यासारखं.

हा मान होता लवू गुरवाकडं. आवाज असा की गाऱ्हाणं सुरू केलं की माडावरचे नारळ कान देऊन ऐकत! पण राखणीचा घोट वर्षाचा होता, तो महिन्याचा झाला, महिन्याचा रोजचा झाला. बायको शेवंती सोसून सोसून दमली आणि लेकीकडं शहरात निघून गेली. शेवटी एक दिवस लवू गावातल्या देवळाच्या गाभाऱ्यातच पडला, देवाच्या पाण्याची कळशी अंगावर घेऊन! जावयानं उचलला आणि दारू सोडवतात तिथं नेऊन ठेवला.

आणि मंडळी, सुटली! खरोखर सुटली! लवू गावात परत आला. आता गावानं काय केलं असेल? हार घातला? वाजत गाजत आणला?

संध्याकाळी लवू मोरीवर, म्हणजे रस्त्याच्या पुलाच्या कठड्यावर, गेला. जुनी दोस्तमंडळी बसली होती. त्यातला बाबी म्हणाला, "ये की लवू, बस!" सगळे सरकले. लवू बसला. ज्याचा त्याचा ग्लास ज्याच्या त्याच्या पाठीमागं! बाबी म्हणाला, "तसं नाय रे. तुझ्यासमोर घशाखाली उतरत नाय." दुसऱ्या दिवशी लवू गेला तर मोरी रिकामी. मंडळी पलीकडं बागेत जाऊन बसली होती.

बरं, न पिणारे? ते तरी जवळ करतील? अहो, लवू तीर्थ द्यायचा, तर बाया हातावरच्या तीर्थाचा आधी वास घ्यायच्या! तुळशीचं पाणी ते! पिणाऱ्यांना तो परका झाला, आणि न पिणाऱ्यांच्या लेखी तो पिणाराच राहिला.

दारू सोडवतात तिथं त्याला शिकवलं होतं, आजचा दिवस काढ, उद्याचं उद्या. दिवस काढायचा हो तो. झाडलोट, फुलं, पूजा, नैवेद्य. पण संध्याकाळ? दिवेलागणीपासून ताट वाढून घेईपर्यंतचा वेळ. एवढासा वाटतो, नाही? तो एकट्यानं बसून बघा! लवू समई घासायचा. घासलेली परत घासायचा. देवाला म्हणायचा, "तुझं बरंय बाबा. तुला नुसतं उभं राहायचंय."

रोज शेवंतीला फोन. "येतेस?"

ती म्हणायची, "राखण होऊ दे. मग बघू."

बरोबर बोलली की नाही? त्या बाटलीपुढं नवऱ्याचं काय होतं, हे बायकोशिवाय कुणाला ठाऊक!

राखणीचा दिवस आला. देवळात बैठक बसली. मधोमध नाना गावकर, गावातलं वडीलधारं माणूस. लवू उभा राहिला. "नाना, मान माझा, राखण मीच देणार. पण घोट घेणार नाही."

झालं! सभेत मुंग्यांचं वारूळ फुटलं!

"लवू, अरे दारू म्हणून नको घेऊस. तीर्थ म्हणून घे."

"नाना, घशाला कळत नाही हो, तीर्थ कुठलं आणि दारू कुठली."

"एक घोट! देवाचा शब्द मोडतोस? उद्या गावावर काही आलं म्हणजे?"

बाबी म्हणाला, "त्याच्या वाटणीची मी घेतो की!" — बघा, कसा धावून आला भक्त!

नाना म्हणाले, "गुरवाचा घोट गुरवानंच घ्यायचा. नाही म्हणतोस ना? मग एकटा जा. कोपला तर तुझ्यावर कोपू दे. आम्ही कुणी येणार नाही. कोंबडा आम्ही मागाहून बघू."

कोंबडा तेवढा ठेवून घेतला हो! कोपाची भीती माणसाला, रश्श्याला थोडीच!

आणि बघा मंडळी, शहाण्यांनी काय केलं ते. ज्यानं जिवाचा आटापिटा करून दारू सोडली, त्याच्या हातात भरलेली बाटली दिली आणि त्याला एकट्याला रानात धाडलं!

टळटळीत दुपार. लवू शिवेवर पोचला. नारळ ठेवला, विडी लावली. बाटलीचं बूच काढलं आणि वास आला. तुम्हाला वाटेल, दारूचा वास. नाही हो! त्या वासात मोरी होती. बाबीचं हसणं होतं. खांद्यावर पडलेले हात होते. लवूला दारूची नाही, माणसांची तहान लागली! बाटली ओठापर्यंत आली. बघणारं कोण होतं? रानात चिटपाखरू नाही. प्यायला असता तर गाव खूश, मान शाबूत, आणि संध्याकाळी मोरीवर जागा!

तेवढ्यात त्याची नजर दगडावर गेली. लवू खाली बसला. म्हणाला, "राखणदारा, तुला कधी कुणी विचारलं का रे, पायजे का म्हणून? दरवर्षी तुझ्या नावानं आणायची. तुला धार दाखवायची आणि बाटली आम्ही रिकामी करायची. नाव तुझं, घसा आमचा! माझ्या बापानं तुला फसवला, आज्यानं फसवला. मीही फसवला, पण आता नाही फसवणार. ही घे. सगळी घे."

आणि ओतली! भळभळ भळभळ, अख्खी बाटली दगडावर! अहो, गाव वसल्यापासून देवाला पहिल्यांदा पुरेशी मिळाली!

मग हात जोडून लवूनं गाऱ्हाणं सुरू केलं. "बा राखणदारा म्हाराजा! एकट्या लवूनं राखण आणलीय, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

थांबला. सवयीनं थांबला. मागून काहीच नाही. पान हललं नाही.

"गावातली गुरंवासरं, लेकरंबाळं सांभाळ रे म्हाराजा!"

काही नाही.

"मोरीवर बसतात, त्यांना सांभाळ रे म्हाराजा!" मग म्हणाला, "आणि लवूची… संध्याकाळ तेवढी सांभाळ रे म्हाराजा!"

आणि करवंदीच्या जाळीतून आवाज आला — "व्हय म्हाराजा!"

कोण? तर नाना गावकर! लवू पितो का बघायला चोरासारखे येऊन बसले होते, धोतराचा सोगा काट्यात अडकलेला, डोळ्यांतून धारा! "लवू," म्हणाले, "मी बघितलं रे. एक थेंब नाही!"

वा! तुमचे डोळे पुसून झाले का? माझ्या पहिल्या प्रश्नाचंही उत्तर मिळालं. देवाचा प्रसाद नाकारून पाप लागत नाही, देवाच्या नावानं आपलीच हौस भागवली तर लागतं. आणि दारू सोडलेल्या माणसाला एकटं सोडलं तर? त्याचं पाप कुणाला? आत्ता घरी जाताना तुमच्याही वाटेवर असं एक घर लागेल. ओटीवर माणूस बसलेला दिसेल. तुम्ही रोज मान खाली घालून पुढं जाता. का जाता?

आता… शप्पत घेतलीय मघाशी. दात थोडे आहेत, जपायला हवेत. एक सांगून टाकते. बाकी सगळं खरं. जाळीत नाना नव्हते.

कुणीच नव्हतं. नाना घरी जेवून झोपले होते. गाऱ्हाणं लवूनं घातलं, आणि मागून साथ येईना म्हणून दर मागण्याला "व्हय म्हाराजा" लवूच म्हणाला, हळू आवाजात, स्वतःचं स्वतःला. संध्याकाळी शेवंतीला फोन केला. "झाली राखण. प्यायलो नाही."

"कोण होतं बरोबर?"

"कोणी नव्हतं."

तिनं फोन ठेवला नाही. ताट वाढून घेईपर्यंत दोघं फोन धरून होती.

मी नानांना जाळीत बसवलं, मंडळी, कारण त्याच्या बाजूनं सांगणारं एक तरी माणूस हवं होतं. गोष्टीत मी बसवू शकते. तुमच्या गावात कोण बसणार?