इस्त्रीवाल्याचं उत्तर

(इस्त्रीचं दुकान. दुपार. बाईंच्या हातात एक वही.)

इस्त्रीवाला : म्हणजे माझ्या पोरीला शून्य मिळालं ते माझ्यामुळे? तिला बोलू नका बाई, सगळं मीच सांगितलं.

बाई : तुम्हाला इंग्रजी येतं?

इस्त्रीवाला : छे हो! ती धडा वाचते, मराठीत सांगते. मी कपडे करता करता ऐकतो आणि प्रश्न आला की वाटेल ते बोलतो. इंग्रजी तिचं.

बाई : ते दिसलंच. पाच ओळींत सात चुका! पण शून्य त्याचं नव्हतं. धड्यातला म्हातारा वारलेल्या मुलाच्या शर्टाला दर रविवारी इस्त्री का करतो, असा प्रश्न. मी वर्गात उत्तर दिलं होतं, त्याला मुलाचं जाणं मान्य नाही म्हणून. हिनं लिहिलं, त्याला वास हवा असतो. मला वाटलं, थट्टा करतेय. शून्य दिल्यावर म्हणाली, बाबांनी सांगितलं.

इस्त्रीवाला : थट्टा कसली! गरम इस्त्री फिरली की कापडातला माणूस वर येतो. वीस वर्षं हेच करतोय, डोळे मिटून सांगेन कुठला शर्ट कुणाचा. पोरगा गेलाय हे म्हाताऱ्याला पक्कं ठाऊक आहे.

बाई : घरी काय म्हणाली ती?

इस्त्रीवाला : कालपासून पोरगी धडाच वाचून दाखवत नाही. म्हणाली, "बाबा, तुम्ही नका सांगू, तुमचं चुकतं." फार लागलं हो मला. दिवसभरात तेवढाच अर्धा तास ती माझ्याशी बोलते.

बाई : ही तिची वही. बघा तरी.

इस्त्रीवाला : शून्य खोडलंय. पाचपैकी... चार?

बाई : एक व्याकरणाचा कापला. आज वर्गात तिचंच उत्तर वाचून दाखवलं. विचारेल ती आता तुम्हाला.

इस्त्रीवाला : उपकार झाले बाई. पण असं एकाएकी?

बाई : काल घरी जाऊन ह्यांचा शर्ट काढला, इस्त्री फिरवली. आठ महिने झाले, हे गेले त्याला. म्हटलं, बघू तरी हा इस्त्रीवाला काय म्हणतोय ते.

इस्त्रीवाला : आणि?

बाई : तिथंच खाली बसले मी.

इस्त्रीवाला : पाणी देऊ?

बाई : नको. किती दिवस येईल हो तो वास?

इस्त्रीवाला : न धुतलेला असेल तर बरेच दिवस.

बाई : तसा तेवढा एकच राहिलाय. तुमच्याकडे टाकू का? माझ्या हातून जळायला नको.

इस्त्रीवाला : नका टाकू. इथं शंभर माणसांचे कपडे असतात, बाई. तो घरीच करत जा.