एकही शिपाई मरू द्यायचा न्हाई

मी दत्ता, मूळचा हट्ट्याचा. बापाची चार एकर जमीन व्हती, थोरला भाऊ तिच्यात रमला, मपलं मन तिथं कधी लागलंच न्हाई. एका जागी बसनं मला लहानपनापासून जमत न्हाई, जेवताना सुदीक मधीच उठून अंगनात दोन चकरा मारायचो, माय म्हनायची ह्या लेकराच्या अंगात काय शिरलंय देव जाने. चिंचेवर चढ, शाळेच्या पत्र्यावर चढ, असंच. मंग वसमतला आयटीआय केलं, वायरमन झालो, आन काय सांगू तुमाला, पयल्यांदा खांबावर चढलो तवा वाटलं आता बराबर जागी आलो. वरून सगळा शिवार दिसतो, हळदीचे हिरवे पट्टे, मधून पांदन, आन खाली मानसं तोंड वर करून बघून राहिलेत की लाईट कवा येती. सतरा वर्षं हेच केलं. लग्न झालं, कमल आली, कुरुंद्यात घर केलं.

तं दोन वर्षांमागं अपघात झाला. नामदेव म्हनून मपला जोडीदार व्हता, शिरड शहापूरचा, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, मला दादा म्हनायचा. तो वर खांबावर, मी खाली शिडीवर. लाईन बंद केलेली, पन कुनाच्या तरी जनरेटरचा करंट उलटा तारंत आला. नामदेव तिथंच गेला, आन पडला तो माझ्यावर. माझ्या मांडीचं हाड दोन जागी मोडलं. नांदेडला सळई टाकली, पाच महिने खाटंवरून हालायचं न्हाई म्हनून सांगितलं. त्या अपघातातली एक गोष्ट मी तवा कुनालाच सांगितली न्हाई. ती सांगतो, पन आधी एका व्हिडिओ गेमचं सांगतो, कारन तो गेम आला नसता तं ती गोष्टबी तोंडातून निघाली नसती.

मपली भाची वैशाली, नांदेडला औषधाच्या दुकानात कामाला हाय. ती भेटायला आली, पाह्यलं की मामा खाटंवर पडून नुसता भिंतीला नखं घासून राहिला, मामीच्या अंगावर वसकन जाऊन राहिला. दुसऱ्या खेपंला तिनं लहानपनीचा व्हिडिओ गेमचा डबा आनला, टीवीला जोडायचा, वरून कॅसेट खोचायची. मी म्हनलं, मी काय लेकरू हाय का. ती म्हनली, मामा अर्धा घंटा बघा, न्हाई आवडला तं वापस नेते. गेम सगळा जपानीत. एक अक्षर वाचता येईना, तिलाबी येत न्हाई, लहानपनी अंदाजानंच शिकली म्हने.

असं की एक राजाचं पोरगं असतं, त्याचं राज्य गेलेलं, आन त्याच्या मागं दहाबारा जन. घोडेवाले दोघं, एक कुऱ्हाडवाला, एक तिर मारनारी पोरगी, एक दवावाली बाई, ती लढत न्हाई, नुसती जखमा बऱ्या करती. मैदानावर चौकटी आखलेल्या. आधी आपन आपली सगळी मानसं एकेक करून सरकवायची, मंग दुश्मन त्याची सरकवतो. घाई न्हाई. तुमी एका चौकटीवर घंटाभर इचार करा, कोनी वरडत न्हाई. पन चुकलं की चुकलं. मजबूत गडी पुढं ठेवायचा, दवावाली मागं, तिरवाली त्याच्याबी मागं, आन एक चौकट इकडची तिकडं झाली की दुश्मन बराबर तिथूनच शिरतो. मला ते लई पटलं. खांबावरचं कामबी असंच हाय की, पयलं काय सोडायचं, मंग काय जोडायचं, सगळं आधी डोक्यात.

आन एक गोष्ट अशी की त्यातला गडी मेला की मेला. दुसऱ्या गेमात परत उठून येतेत म्हने, ह्याच्यात न्हाई. मरताना त्याचा चेहरा येतो, खाली काहीतरी दोन ओळी येतेत, काय बोलतो ते मला कळंना, मंग चेहरा काळा पडतो आन तो पुढच्या लढाईला नसतो. त्याची जागा रिकामी. वैशाली म्हनली व्हती, एकदोन गेले तरी चालतंय मामा, राजाचं पोरगं तेवढं सांभाळा. मला चाललं न्हाई. एक जरी गेला तरी मी डबा बंद करायचो आन ती लढाई पयल्यापासून. एका नदीच्या पुलावरची लढाई मी अकरा वेळा केली. अकराव्यांदा सगळे पार व्हायला लागले आन नेमकी लाईट गेली. कमल हसली, म्हनली, करा फोन तुमच्याच खात्याला.

असे दोन महिने गेले. जेवन ताटात गार व्हायचं. पाय ठनकायचा ते इसरायचो. कमल म्हनायची, अहो, काहून तेच तेच करून राहिले, पुढं तं जाऊन बघा काय हाय. मी म्हनायचो, तुला न्हाई कळायचं. तिला चांगलंच कळत व्हतं, शेजारी बसून बसून तीबी शिकली व्हती, मी कुठं चुकलो ते माझ्या आधी तिच्या ध्यानात येयचं.

मंग एक दिवस थोरला भाऊ मला तपासायला नांदेडला घेऊन गेला. कमल घरीच राह्यली. संध्याकाळी आलो, टीवी लावला, तं फौज दोन मैदानं पुढं गेलेली, आन तिरवाली पोरगी न्हाई. कमलनं खेळलं व्हतं. वर ते सेव्ह करून पक्कं ठेवलेलं, माघारी जायची सोयच न्हाई. मी इचारलं, हे काय केलं. ती भाकर थापता थापता म्हनली, एवढ्या मोठ्या लढाईत एक पोरगी गेली, तुमचे बाकी सगळे पार झाले न्हाई का.

मी हातातला गेमचा रिमोट भिंतीवर फेकला. भाऊ उठून भाईर गेला. कमल जवळ आली, मला वाटलं भांडंल, पन ती भेली व्हती, कारन मी रडून राहिलो व्हतो, आन हाड मोडलं तवाबी मी रडलो नव्हतो.

तवा मी सांगितलं. लाईन बंद केली तरी वर चढायच्या आधी तारांवर साखळी टाकायची असती, म्हंजे चुकून करंट आला तरी जमिनीत जातो. त्या दिवशी साखळी मागच्या खांबापाशी राह्यली व्हती. नामदेव म्हनला, दादा, साखळी आनू का. मी म्हनलं राहू दे, कुठं वापस जातो, चढ तू. तीनशे पावलं व्हती फक्त. आन चौकशीचे साहेब दवाखान्यात आले तवा मी म्हनलो, मी त्याला साखळी टाक म्हनलं व्हतं, त्यानं ऐकलं न्हाई. तसंच कागदावर आलं. मी सही केली. सगळ्या शिरडमधी झालं की नामदेव उतावळा व्हता, स्वताच्या हातानं गेला.

 तव्यावरची भाकर जळली. कमलनं ती उतरवली, मंग म्हनली, मला कशाला सांगून राहिले. जिला सांगायचं तिला सांगा.

तरी वरीसभर गेलं मला. पाय टेकवत चालायला लागलो, काठी घेऊन, आन घरातल्या घरात चकरा मारायचो. गेम पुढं खेळलो. तिरवालीच्या बिगर खेळलो. जमलं, पन दर लढाईला वाटायचं तिथं कोनीतरी कमी हाय. शेवटची लढाई झाली, जपानीत लई काय काय लिहून आलं, प्रत्येकाचा चेहरा आन त्याच्याखाली मजकूर, पुढं कुनाचं काय झालं ते असंल. तिरवालीचाबी चेहरा आला. तिच्या खाली एकच ओळ व्हती. मी टीवी बंद केला आन कमलला म्हनलं, उद्या शिरडला जायचं.

नामदेवची बायको सिंधू. ओसरीवर तूर निवडत बसली व्हती. मला पाहून उठली, भाऊजी बसा, पाय कसा हाय, पानी दिलं. ते पानी मी तसंच खाली ठेवलं. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, साखळीचं, सहीचं. तिचा हात सुपात थांबला. आत सासू व्हती, ती आतूनच म्हनली, कोन हाय गं. सिंधूवहिनी म्हनली, कोनी न्हाई मामी.

मंग मला म्हनली, माझी पोरगी शाळेतून येऊन इचारती, आई, बाबा ऐकत नव्हते का. मास्तरीन म्हनली म्हने वर्गात, मोठ्यांचं ऐकलं न्हाई की असं व्हतं. तुमी दीड वर्ष काय केलं भाऊजी.

 गेम खेळत व्हतो असं सांगता येतं का.

शिव्या न्हाई दिल्या तिनं. दिल्या असत्या तं मोकळा झालो असतो. ती फक्त म्हनली, हे तिथं लिहून द्या, जिथं पयलं लिहून दिलं. आन परत ओसरीवर येऊ नका.

मी लिहून दिलं. साहेब म्हनले, दत्ता, झालं ते झालं, कशाला उकरतो, नोकरीवर येईल. मी म्हनलं येऊ द्या. चौकशी परत उघडली हाय. सध्या मला तक्रारीच्या टेबलावर बसवलंय, फोन घेयचा आन लिहायचं, दिवसभर खुर्चीत, तुमीच इचार करा मपल्यासारख्या मानसाचं काय व्हत असंल. येत्या मंगळवारी हिंगोलीला जबानी हाय. कमल माझ्यासंग येऊन राहिली. सिंधूवहिनीचा निरोप आला, कमलच्या फोनवर, मला न्हाई. तीबी येनार हाय, शिरडहून आमच्याच गाडीत चढंल, पोरीला घेऊन. म्हनली, पोरगी समोर बसंल, तिच्याकडं बघून बोला म्हनावं.

तवापासून मी हे असं उठून राहिलो, बसून राहिलो. तुमी भेटायला आले, बरं झालं, जबानीच्या आधी एकदा पूर्न म्हनून बघता आलं. नोकरी राहती का जाती ते देवाच्या हातात. त्या लेकराचं भलं व्हावं, एवढंच.