हा शेवटचा गळ

ऐका. आन् ओवी, तो मोबाईल आधी पालथा ठेव, डोळ्यांत उजेड घुसतो माझ्या. रणजित, तू ते लाकूड आत सार आन् गप बस. मधेच कुणी 'मग काय झालं आत्या' विचारलं, तर मी उठून तुमच्या त्या नायलॉनच्या तंबूत झोपायला जाईन. सांगून ठेवते.

तुमचा बाप दरवर्षी तुम्हाला इथं नदीवर आणतो, गळ टाकून बसतो, तुम्हाला मजा वाटते. मला लहानपणी ह्यात काडीची मजा वाटली नाही. माझे आबा, म्हणजे तुमचे पणजोबा, लोहारकाम करायचे. वर्षभर भात्यापुढं. सुगी सरली की भाता बंद, आन् सगळं बिऱ्हाड बैलगाडीत घालून इथं, ह्या करंजडोहाच्या खालच्या अंगाला. पोत्यांचं शिवलेलं पाल ठोकायचं. त्यात मुंग्या ऐसपैस आन् आम्ही अर्धे बाहेर. वाळू भाकरीत, वाळू अंथरुणात, वाळू कानात. शेजारच्या पोरी जत्रेला जायच्या आन् मी इथं गांडुळं उकरत बसायची.

आन् आबांचा एक नियम होता. पाण्याकाठी ओरडायचं नाही. मासे पळतात म्हणे. कुणी हाक मारली तर दिवसभर अबोला. म्हणजे माणसाला जेवायला बोलवायचं, तर डोहापर्यंत चालत जायचं आन् कानाशी कुजबुजायचं. मग आबा काय म्हणायचे? "हा शेवटचा गळ. एवढा टाकतो आन् उठतोच." कधी उठले नाहीत. एकदाही नाही. भाकरी गार, कालवण आटलेलं, आई तापलेली. आन् ओरडा कुणाला? मला. जन्मात तो माणूस स्वतःहून पाण्यावरनं उठला नाही, एवढं ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहे.

तर त्या रात्री अवस जवळ आलेली, गडद अंधार. माझा धाकटा भाऊ श्रीपती, म्हणजे तुमचे आजोबा, तवा एवढासा, रडून रडून उपाशीच झोपला. आईनं कंदील माझ्या हातात दिला. म्हणाली, "बापाला उठवून आण. ते आल्याबिगर तूपण परत यायचं नाहीस."

निघाले मी. वाटा दोन. एक वरनं, बांधाबांधानं, लांबची. दुसरी खालनं, करंजाच्या झाडांतनं, अगदी पाण्याला लागून. दिवे लागल्यावर खालच्या वाटेनं कुणी जात नसे. तिथं गिऱ्हा. डोहात बुडून मेलेला माणूस, त्याला सोबत लागते. तो ओढून नेत नाही बरं का. तुम्हाला जे हवं असतं ते तो दाखवतो, मग तुम्ही आपल्या पायानं जाता. हे सगळं मला माहीत होतं. पण मी इतकी वैतागलेली, म्हटलं मरू दे, जवळनं जाते आन् त्या बापाला उठवते एकदाचं.

थोडं गेले, तर वाटेत फडफड. कंदील खाली केला, तर ही एवढी मरळ मासळी. जिती. मी खूश. ही आबांपुढं ठेवली की उठतील. घातली ओच्यात. पुढं दुसरी. त्याच्या पुढं आणखी मोठी. उचलतेय, घालतेय, ओचा जड होतोय. मधेच वाटलं, पाय का रुततायत? बघते तर वाट कधीच मागं राहिलेली, मी ओल्या वाळूत. ओचा उघडला. आत मासा नाही काही नाही, करंजाची कुजकी पानं.

वारा नव्हता, तरी कंदील गेला.

पळावं म्हटलं, तर विडीचा वास आला. आबांची विडी. मग खोकला आला, तोही आबांचाच. पुढं पाण्यातल्या दगडावर लाल ठिपका, आन् पाठमोरे आबा बसलेले. जीव भांड्यात पडला माझा. जवळ गेले, कुजबुजले, "आबा, आई बोलावतेय."

आबा वळले नाहीत. म्हणाले, "पुरं झालं आता. चल, घरी जाऊ."

पोरांनो, मला रडू आलं. इतकी वर्षं हेच ऐकायचं होतं. मी हात पुढं केला. त्यांनी धरला. गार होता, पण पाण्यात बसणाऱ्याचा हात गारच असतो, नाही का? म्हणाले, "पाण्यातनं जवळ पडतं." निघालो. गुडघ्याएवढं पाणी झालं. मांड्यांएवढं झालं. आन् तिथं माझ्या डोक्यात आलं, आबा उठले? आपण होऊन?

मी म्हटलं, "आबा, शेवटचा एक गळ टाका की."

"नको. पुरं."

"मोठा मासा लागंल."

"मासा काय करायचाय? तुझी आई उपाशी वाट बघत असंल."

आईची काळजी! आन् आबांना? हात सोडवायला गेले, तर सुटेना. पाणी कंबरेला. मग मी नियम मोडला. ओरडले. भीतीनं नाही, संतापानं. गार भाकऱ्या, मुंग्या, हुकलेल्या जत्रा, सगळं त्या डोहात ओरडून ओकले. "तू माझा बाप न्हाईस, माझा बाप कधी उठत न्हाई!" आन् त्या हाताला कडकडून चावले. तोंडात नुसता चिखल आला. हात सुटला. मी कशीबशी काठाला आले आन् करंजाच्या मुळीला मिठी मारली.

तेवढ्यात वरच्या अंगानं कुणी धावत आलं. आबाच. धापा टाकत, गळाची काठी हातात. मला भिजलेली बघितली आन् आवाज कापरा झाला त्यांचा. "चल बाळा. पुरं झालं. घरी जाऊ."

परत तेच! मी मुळी सोडेना. ते हात पुढं करतायत, मी लाथा झाडतेय. गोंजारलं, विनवलं, देवाची शपथ घातली. मी जागची हलेना. शेवटी वैतागले आन् काठच्या एका दगडावर टेकले.

"बस मग इथंच. तुझं रडणं होईस्तोवर मी एक शेवटचा गळ टाकतो."

टाकलाच की हो त्यांनी. लेक मरता मरता वाचलीय, आन् हा माणूस गांडूळ लावतोय. मी मुळी सोडली, धावले आन् मागनं त्यांच्या गळ्यात पडले. अंग गरम होतं. राग तर असा आला होता, आन् त्यांची मान मात्र सोडवेना.

तर बाबांनो, उद्या करंजातनं जवळचं पडतं म्हणून कुणी त्या वाटेला जायचं नाही. दिवसासुद्धा नाही. मी वाचले, कारण माझा बाप हट्टी होता. तुमचा बाप गुणाचा. एका हाकेसरशी गळ गुंडाळून येतो. अंधारात कुणी म्हणालं 'चला पोरांनो, पुरं झालं', तर तुम्ही त्याला ओळखणार कशानं?