ट्रकचा हॉर्न

पंक्चर काढून झालेली स्कूटर समोर उभी होती, तरी शाळेतल्या बाई गॅरेजच्या बाकावरून उठायला तयार नव्हत्या. शेजारी एक काकू स्वेटर विणत बसल्या होत्या आणि समोर त्यांचे यजमान आपल्या गाडीच्या हॉर्नवरून मेकॅनिकशी हुज्जत घालत होते.

“काका, कंपनीचा हॉर्न चांगला आहे की.”

“चांगला काय डोंबल! खाली उभा राहून दहा-दहा मिनिटं वाजवतो. सगळी बिल्डिंग खिडकीत येते, हिलाच तेवढा ऐकू येत नाही.”

“मग फोन करायचा.”

“तो तरी कुठे ऐकू येतो तिला? तू आपला ट्रकचा बसव.”

मेकॅनिकनं तो बसवला आणि बटण दाबलं. बाईंच्या हातातली पर्स खाली पडली. काकूंचा एकही टाका चुकला नाही.

“अगं, ऐकलंस का?”

“काही म्हणालात?”

“बघ बाबा! चल, याच्याहून मोठा दाखव.”

काका मेकॅनिकला घेऊन आत गेले. काकू बाईंकडे झुकल्या आणि हळूच म्हणाल्या, “तुमचं पंक्चर नीट निघालं नाही हो. मागच्या चाकातून बारीक फुस्स येतंय.”