पलंगावर निजलेला दगड

क्लेमा: डोकं उशीकडे, नॉर्वेल, उशीकडे! आईला काय उलटी निजवतोस?

नॉर्वेल: अगं, दगड आहे तो. त्याला डोकं कुठलं?

क्लेमा: नाव कोरलंय तिकडे डोकं. इंग्लंडात हेही विसरून आलास? हां… हळू, हळू. वादळानं छप्पर नेलं पण हा पलंग सोडला. आता तू नको मोडूस.

नॉर्वेल: झालं. कंबरडं मोडलं माझं. बोटीवरून उतरवताना तर वाटलं, जातो समुद्रात.

क्लेमा: गेला असता तर तुला ढकलला असता मागोमाग. ती चादर दे. ती नाही, पांढरी. अशी. निजली बघ. किती वर्षांनी आपल्या पलंगावर पाठ टेकली तिनं. बरं वाटतंय ना गं?

दगड:

नॉर्वेल: काय आपली एकेक तऱ्हा! तिकडे हडर्सफील्डला कुणाला सांगावं, की आमच्या कॅरियाकू बेटावर माणूस पुरल्यावर वर्षानुवर्षांनी थडग्यावर दगड बसवतात, आणि आदल्या रात्री तो घरात पलंगावर निजवतात. लोक हसतात.

क्लेमा: हसू देत. दगड बसला की माणूस खरं गेलं. तोवर ते घरातलंच. आपली आई अंगणातच आहे, चिंचेखाली. मी रोज तिच्याशी बोलते. तू महिन्यातून एकदा फोनवर माझ्याशी बोलायचास.

नॉर्वेल: टोमणे सुरू झाले.

क्लेमा: टोमणे कसले? डोक्यावर ताडपत्री फडफडतेय आणि आईला ग्रॅनाइट आलाय. गावात माझा मान वाढला!

नॉर्वेल: मग पत्रे आणायला हवे होते का? फोनवर तूच रडत होतीस. स्वप्न पडतंय, स्वप्न पडतंय.

क्लेमा: पडतच होतं. आई अंगणात उभी, नखशिखान्त भिजलेली. म्हणते, “क्लेमा, दार लावून घे.” एवढंच बोलायची आणि वळायची. मी म्हटलं, तिला वारा लागतोय. उघड्यावर पडलीय बिचारी, डोक्यावर दगड मागतेय.

नॉर्वेल: मग? मागितला आणि आणला मी. तुझ्या तोंडून एक चांगला शब्द नाही.

क्लेमा: आहे ना. सगळी वर्षं “पुढच्या वर्षी बघू” म्हणत होतास, आणि या खेपेला महिन्याभरात आलास. मला भरून आलं. खरंच. बोकड कापला, मक्याच्या पिठाचे गोळे वळले. आईच्या ताटातलं मटण अळणी ठेवलंय, मेलेल्यांना मीठ चालत नाही हे तरी आठवतंय ना? रम त्या ग्लासात. उद्या पहाटे तू आणि मी त्याच ताटातलं खायचं. दोघांनी.

नॉर्वेल: खाऊ.

क्लेमा: ढोलही क्रोमांती तालानं सुरू होईल. आपण बाबांच्या बाजूनं क्रोमांती कुळातले. आपल्या पूर्वजांना पहिली हाक.

नॉर्वेल: क्रोमांती म्हणजे कुठे, ते तरी सांगू शकतेस? आफ्रिकेच्या नकाशावर दाखव बघू.

क्लेमा: तुला हडर्सफील्ड दाखवता येतं. तेवढं पुरे घरात.

होस्टन: आहे का कोणी? क्लेमा! पोरी, आत येऊ की दगडाला बाहेरूनच नमस्कार करू?

क्लेमा: या, अंकल होस्टन, पायरीवर बसा. ढोल आणलेत?

होस्टन: ढोल उद्या. खड्डा झालाय, पाया भरला, तेवढं सांगायला आलो. दगड बसवायच्या आधी जमिनीवर पाणी आणि रम कोण शिंपडणार, तूच ना?

क्लेमा: कुठला पाया? चिंचेखाली तर कुदळ पडलेली नाही. मी दिवसभर इथेच आहे.

होस्टन: चिंचेखाली कशाला? वर टेकडीवर, चर्चच्या मागे. नॉर्वेलनं सांगितलं तिथे. समुद्र दिसतो छान.

क्लेमा: टेकडीवर?

होस्टन: मला वाटलं, तुला ठाऊक आहे. बरं. मी निघतो. बकऱ्या सोडल्यात, कोणाच्या तरी मक्यात शिरतील.

(होस्टन जातो. ताडपत्रीखाली वारा भरतो आणि ओसरतो.)

नॉर्वेल: मी सांगणारच होतो.

क्लेमा: कधी? दगड बसल्यावर?

नॉर्वेल: चर्चची जागा चांगली आहे. स्वच्छ. भिंत आहे. इथे बकऱ्या नाचतात तिच्यावर.

क्लेमा: आई इथे. दगड तिथे. मग त्या दगडाखाली काय आहे रे?

नॉर्वेल: नंतर आणू तिलाही. रीतसर, पाद्री बोलावून.

क्लेमा: कोणाला नको आहे आपली आई अंगणात?

नॉर्वेल: हळू बोल.

क्लेमा: मी हळूच बोलतेय. आई निजलीय. कोणाला नको आहे?

नॉर्वेल: हॉटेलवाला आहे एक. चांगला माणूस. त्याला खालच्या किनाऱ्यापासून या अंगणापर्यंत सगळं हवंय. पण थडगं नको म्हणतो. पाहुणे दारू पितात, समोर कबर… समजून घे ना.

क्लेमा: जमीन एकट्याची नाही तुझी.

नॉर्वेल: म्हणून तर तुझ्याकडे आलो. बाकी सगळे भाऊबंद हो म्हणालेत. त्रिनिदादचे, ब्रुकलिनचे, सगळे. फक्त तू उरलीस.

क्लेमा: वा! ज्यांनी या अंगणातली विहीरही पाहिली नाही ते सगळे हो म्हणाले. कापूस परवडेना तेव्हा गोरा मालक गलबतात बसून निघून गेला. इथल्या दगडधोंड्यात राहिले कोण? आपलेच. पणजोबांनी जमीन घेतली ती सगळ्या पोराबाळांची म्हणून. ज्याला जग हाकलेल त्यानं इथे येऊन झोपडी बांधावी. तुला कोणी हाकललं तर कुठे येशील?

नॉर्वेल: मला कोणी हाकलत नाहीये.

क्लेमा: अजून.

नॉर्वेल: आणि तू? ताडपत्रीखाली मरणार आहेस का? तुला पक्कं घर मिळेल, गावात, नळासकट. मी काय तुझं वाईट करतोय? वादळात कोणी आलं का विचारायला? सगळं बेट सपाट झालं, क्लेमा. धरून काय बसायचं?

क्लेमा: वादळानं थडग्याला हात लावला नाही.

नॉर्वेल: क्लेमा, दगड आणलाय. जेवण शिजलंय. उद्या सगळं गाव येणार. आता रडारड नको. तिला मोकळी करायची नाही का तुला? तूच म्हणायचीस, दगड बसेपर्यंत तिला विश्रांती नाही.

क्लेमा: हे बरोबर हेरलंस.

नॉर्वेल: म्हणजे?

क्लेमा: आईला विश्रांती हवी तर तुला हो म्हणायचं. तुला नाही म्हटलं तर आई तशीच, उघड्यावर. माझ्या स्वप्नावर बसून आलास ना तू? इतका हुशार कधी झालास रे? लहानपणी बुटाची नाडी मी बांधायची तुझ्या.

नॉर्वेल: उगाच काहीतरी बोलू नकोस.

क्लेमा: आई, ऐकलंस? थांबशील का अजून? तुझ्या माथ्यावर दगड नाही बसला तर राग धरशील?

दगड:

नॉर्वेल: दगडाला विचारून काय होणार?

क्लेमा: तुला विचारून झालं, म्हणून. अंकल होस्टनला सांग, पाया बुजवा. हा दगड इथून हलणार नाही, चिंचेखालीही नाही. तो बसत नाही तोवर आई घरातच आहे.

नॉर्वेल: पलंगावर ठेवणार कायमचा? लोक थुंकतील तुझ्यावर. वेडी म्हणतील.

क्लेमा: म्हणू देत. मी खाली चटई टाकीन.

नॉर्वेल: आणि उद्याची जेवणावळ?

क्लेमा: लोकांना जेवू घालीन. बोकड काय तुझ्या हॉटेलवाल्याचा होता?

नॉर्वेल: तू आईला अडकवून ठेवते आहेस. तुझ्या हट्टापायी. तिचा शाप लागेल.

क्लेमा: लागू दे. माझी आई आहे, मला शिव्या देईल, मी ऐकीन. जा, बाहेर जा जरा.

नॉर्वेल: कुठे जाऊ?

क्लेमा: पायरीवर बस. नाहीतर टेकडीवर जा, समुद्र छान दिसतो म्हणे.

नॉर्वेल: क्लेमा… ए, क्लेमा! आतून कडी काय लावतेस? आज दार उघडं ठेवतात. ताट मांडलंय. आई जेवायला येईल, तिला दार बंद दिसेल!

क्लेमा: आई आत आहे.