दोन जागी असणारा मणी

रुग्णालयाच्या बाकावर बहीणभाऊ एकमेकांकडे पाठ फिरवून बसले होते. दोघांमधलं अवघडलेपण इतकं होतं, की बाकावर शेजारी बसलेल्या एका बाईला खोकणंही आगाऊपणाचं वाटलं. आत त्यांची आई होती, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आज घरी जाणारी.

"तुझा प्रयोगशाळेतला मणी खरंच एकाच वेळी दोन जागी असतो?" शेवटी बहिणीने विचारलं.

"ताई, तेच सिद्ध करायचंय. अणूला जमतं, एवढ्या मोठ्या वस्तूला जमतं का बघायचंय. नुसता धक्का लागला तरी सगळं मोडतं. म्हणून आम्ही इमारतीची लिफ्टसुद्धा बंद ठेवतो."

"मण्यावर केवढी माया रे! माझ्याकडे तर लिफ्टच नाही. आई चार मजले कशी चढेल, तेही सिद्ध कर."

"आईला न्यायला मी नाही कुठे म्हणालो?"

"छे! मला म्हणालास, आईला मीच नेतो. बायकोला म्हणालास, आई ताईकडे जाईल. मण्याचं राहू दे, आईला दोन्ही घरी ठेवून दाखवलंस की!"

"हळू बोल, लोक ऐकताहेत."

"ऐकू देत. साक्षीदार लागतातच ना प्रयोगाला?"

परिचारिका दारात आली. "आजी तयार आहेत. पत्ता कुठला लिहू?"

न वाजलेला फोन कानाला लावून भाऊ जिन्याकडे चालता झाला.