नववा अंक

मार्थावहिनी, गुरुजन, सोनईकर मंडळी, आणि मुलांनो. मला उभं केलंत खरं, पण मराठी शिकवणाऱ्या माणसाची आज जीभ चालत नाही. साळवे मास्तर असते तर म्हणाले असते, "बोला की व्याकरणवाले, एरवी तर लई बोलता!"

मास्तरांनी या शाळेत गणित शिकवलं, ते तुम्ही जाणता. पण त्यांचा जीव अडकला होता एका आकड्यात. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. हा आकडा कशानंच भागत नाही. एक आणि तो स्वतः, बस्स. उजवीकडचा एक अंक पुसा. उरलेलाही भागत नाही. आणखी एक पुसा. तोही नाही. पुसत पुसत डावीकडच्या सातापर्यंत या, एकही फुटत नाही!

मास्तरांनी तो सातापासूनच वाढवत आणला, एकेक अंक लावून. रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर आम्ही दोघं. ते पाटीवर भागाकार करायचे, मी बाकी पडताळायचो. मला त्यातलं काय कळत होतं? डोंबल! पण संध्याकाळ झाली की पाय तिकडेच वळायचे.

एकदा म्हणाले, "फुटला हो!" आणि ताटावरून उठले. वहिनी म्हणाल्या, "आकडा फुटला तर फुटू द्या, तुमी जेवा आदी." थोड्या वेळानं भाकरीचा तुकडा हातात घेऊन मास्तर माझ्या दारात हजर. "हातचा विसरलो हुतो! शाबूत हाय!" अहो, पोरगा पास झाल्यासारखा आनंद!

मी एकदा म्हटलं, मुंबईला मोठी यंत्रं आलीत म्हणे, क्षणात सांगतील, पत्र टाका. तर म्हणाले, "मग संध्याकाळी आपन काय करायचं?"

त्यांना नववा अंक हवा होता. सम अंक आणि पाच लागतच नाहीत. एक किंवा सात लावला तर तिनानं भाग जातो. तीन लावून पाहिला, तोही फुटला. राहिला नऊ. त्याचा भागाकार चालू असतानाच मास्तर गेले.

वहिनींनी पाटी माझ्या हाती दिली. शेवटचा भाजक तसाच होता. तिथून मी पुढं चालू केलं. खरं सांगू? फुटू नये असं वाटत होतं. नऊ टिकला असता, तर दहाव्याच्या निमित्तानं त्या ओट्यावर बसता आलं असतं. काल फुटला. बाकी शून्य. एखादा हातचा राहिला असेल म्हणून पुन्हा पुन्हा पडताळलं. नाही राहिला, मास्तर.

म्हणजे तुमचा आकडा तिथंच पुरा होतो. पुढं काही लागत नाही. हेच तुम्हाला सांगायला काल चपला घालून निघालो, आणि कोपऱ्यावर आठवलं.

मास्तर, आता संध्याकाळी मी काय करायचं?

मंडळी, उभे राहू या. थोडा वेळ कुणी काही बोलू नका.